घरचें उटणें : माप, शास्त्र आणि समजुती

दिवाळी आठवड्यावर आली कीं वाण्याच्या दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे उटण्याच्या पुड्यांच्या राशी लागतात. पुडीवर पणतीचें चित्र असतें, 'सुगंधी' हा शब्द ठळक असतो, आणि आंत काय आहे हें मात्र बारीक अक्षरांत असतें किंवा मुळींच नसतें. आपण ती पुडी घेतों, नरकचतुर्दशीच्या पहांटे अंगाला लावतों, आणि उरलेली पुडी न्हाणीघराच्या फळीवर दमट होत पडून राहते. ज्या घरांत चकली आणि करंजी बाजारांतून आणणें हा अजूनहि थोडासा कमीपणा वाटतो, त्याच घरांत उटणें मात्र डोळे मिटून विकत घेतलें जातें, हें नवल आहे. फराळ पोटांत जातो म्हणून त्याची काळजी करावयाची, आणि उटणें नुसतें कातडीला लागतें म्हणून कसलेंहि चालेल, असा कांहीं तरी हिशेब त्यामागें असावा. तो हिशेब बरोबर नाहीं.

पूर्वीं मोठ्या कुटुंबांतून दसरा झाला कीं उटण्याची तयारी सुरू होई. दसऱ्यापासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत वीस दिवस मिळतात, आणि ते बहुधा कडक उन्हाचे असतात. गच्चीवर एका चादरीवर डाळी, दुसरीवर संत्र्याच्या साली आणि तिसरीवर वाळा व नागरमोथा पसरलेला असे. कुटण्याचें काम सुनांकडे, वस्त्रगाळ करण्याचें लेकींकडे, आणि वास घेऊन 'आतां पुरे' म्हणण्याचा अधिकार घरांतल्या वडीलधाऱ्या बाईकडे असे. माप कागदावर कोणीच लिहून ठेवलें नाहीं. 'मूठभर', 'चिमूटभर', 'वासाला येईल इतका' हींच तिचीं वजनें. ती गेली कीं माप तिच्याबरोबर गेलें, आणि पुढल्या वर्षीं पुडी आली.

प्रस्तुत लेखाचा हेतु दुहेरी आहे. उटण्याचें माप आणि कृति स्पष्ट वजनांनिशीं मांडावी हा एक; आणि उटण्याभोंवतीं जमलेल्या समजुतींपैकीं कोणत्या जपाव्या व कोणत्या सोडाव्या, ह्याचा विचार करावा हा दुसरा. ह्यांतला दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण त्यांत घरांतल्या तान्ह्या मुलांचा आणि वाढत्या मुलींचा प्रश्न येतो.

नांव आणि परंपरा

'उटणें' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' ह्या शब्दापासून आला. हिंदी 'उबटन' हें त्याचेंच भावंड. पार्वतीनें अंगाच्या मळापासून गणपति घडविला ही शिवपुराणांतील कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते, आणि ती सांगतांना आज्या त्या मळांत उटणें मिसळल्यावांचून राहत नाहींत. वाग्भटानें 'अष्टांगहृदय' ह्या ग्रंथाच्या दिनचर्येच्या अध्यायांत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम लावून दिला आहे. तेल डोक्याला, कानांना आणि तळपायांना विशेषेंकरून लावावें असें तो सांगतो. ऊन पाणी मानेखालच्या शरीराला बळ देतें, परंतु तेंच डोक्यावर घेतल्यास केंसांना व डोळ्यांना अपाय करतें, हाहि इशारा तेथेंच आहे. उद्वर्तनानें कफ हटतो, मेद विरतो, अवयवांना स्थैर्य येतें आणि त्वचेला 'प्रसाद' प्राप्त होतो, असें त्याचें फळ त्यानें दिलें आहे. 'प्रसाद' हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

ह्या क्रमांतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेल आधीं आणि उटणें मागाहून. कोरड्या अंगावर पीठ चोळणें म्हणजे उटणें नव्हे. तेलावांचून उटणें ही अर्धी कृति आहे, आणि बाजारी पुडीनें आपल्याला नेमकी ही अर्धी कृति शिकविली आहे.

उटणें काम कसें करतें?

तेल आणि पाणी एकजीव होत नाहींत. म्हणून तेलकट अंगावर नुसतें पाणी ओतलें तर तें घरंगळून जातें. साबण तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यांत तरंगत ठेवतो व वाहून नेतो. उटण्याची रीत निराळी आहे. डाळीचें पीठ आणि माती हीं तेल शोषून घेतात. अंगावरचें जादा तेल, त्यांत अडकलेली धूळ आणि त्वचेच्या वरच्या थरांतल्या मृत पेशी घेऊन पीठ निघून जातें, व मागें तेलाचा अगदीं पातळ लेप उरतो. शिवाय डाळींत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात. रिठ्याला आणि शिकेकाईला फेंस येतो तो ह्याच द्रव्यांमुळें.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. रसायनशास्त्राच्या पीएच मापानें तो ५ च्या आसपास भरतो. नेहमींच्या साबणाचें पाणी ९ ते १० इतकें, म्हणजे स्पष्ट अल्कधर्मी असतें. म्हणून थंडीच्या दिवसांत वारंवार साबण लावणाऱ्याची कातडी ओढल्यासारखी होते. ज्या गांवीं विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी जड आहे, तेथें पाण्यांतले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं मिळून चिकट साका बनवितात. उटण्याला ही अडचण येत नाहीं.

एवढ्यावरून साबण टाकून द्यावा असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये. जेवणापूर्वीं व शौचानंतर हात धुण्यास साबणच पाहिजे. तेथें उटण्याचा कांहीं उपयोग नाहीं. ज्याचें काम त्यानें करावें.

साहित्याची निवड

काष्ठौषधींच्या दुकानांत गेल्यावर 'उटण्याचें सामान द्या' असें मोघम सांगूं नये. एकेक वस्तु नांव घेऊन, अखंड स्वरूपांत मागावी आणि हुंगून घ्यावी. पूड झालेली वस्तु ओळखतां येत नाहीं; मूळ, साल, पाकळी ओळखतां येते.

वाळ्याच्या मुळ्या पिंवळसर तपकिरी व लांब असाव्या, आणि पाण्यांत बुडविल्याबरोबर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा. नागरमोथा काळसर, गांठाळ व कठीण असतो. आंबेहळद मोडली असतां कैरीचा वास येतो. साध्या हळदीपेक्षां ती अंगावर फार कमी पिंवळी उमटते, म्हणून उटण्यास तीच बरी. साधी हळद घालावयाचीच असेल तर हळकुंडें आणून घरीं कुटावीं. तयार पुडीला रंग चढावा म्हणून तींत शिशाचें क्रोमेट मिसळल्याचें बांगलादेशांत २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत उघड झालें. शिसें हें मुलांच्या मेंदूला अपाय करणारें विष आहे.

चंदनाविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. चंदनाचा सुगंध झाडाच्या सालींत किंवा बाहेरच्या पांढऱ्या लांकडांत नसून मधल्या गाभ्यांत असतो, आणि तो गाभा भरण्यास कित्येक वर्षें जावीं लागतात. १७९२ मध्यें टिपू सुलतानानें म्हैसुरांत चंदन हा सरकारी वृक्ष ठरविला, आणि खासगी जमिनींतील चंदनावर मालकाचा हक्क कर्नाटकानें २००१ मध्यें कायदा दुरुस्त केल्यावर मान्य झाला. आज हा वृक्ष जगाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत आहे. तेव्हां स्वस्त 'चंदनपावडर' म्हणून जें मिळतें, त्यांत चंदन किती व अत्तर लावलेला भुसा किती, हें ज्याचें त्यानें किंमत पाहून ठरवावें. देवघरांतल्या सहाणेवर ऐन वेळीं खोड उगाळून तें गंध भिजलेल्या उटण्यांत मिसळावें, हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. चंदन नसलें तरी वाळा आणि कचोरा सुगंधाला पुरेसे आहेत.

जटामांसी मात्र वगळावी. ही वनस्पति हिमालयांत तीन ते पांच हजार मीटर उंचीवर होते, तिचें मूळ उपटल्यावांचून ती मिळत नाहीं, आणि आज ती अत्यंत संकटग्रस्त ठरलेली आहे. आपल्या एका दिवसाच्या सुवासासाठीं ती जाति नाहींशी होण्यास हातभार लावण्याचें कारण नाहीं.

बावचीहि वगळावी, परंतु निराळ्या कारणानें. कित्येक घरांतून उटण्यांत बावचीच्या बिया घालण्याची चाल आहे. ह्या बियांत सोरालेन नांवाचें द्रव्य असतें, आणि त्यामुळें कातडी सूर्यप्रकाशाला विलक्षण हळवी होते. कोडावरच्या उपचारांत वैद्य व डॉक्टर ह्याच गुणाचा उपयोग मोजून मापून करतात. परंतु अशी वस्तु अंगभर चोळून मुलें फटाके उडवावयास उन्हांत गेलीं, तर लाली, जळजळ आणि फोड येऊं शकतात. ताज्या लिंबाची साल अंगाला घांसून उन्हांत जाण्यांतहि हाच धोका आहे. संत्र्याच्या वाळलेल्या सालींत तो नाहींसारखाच आहे.

'हें सगळें नैसर्गिक आहे, त्यानें काय होणार?' असें म्हणण्याची प्रथा पडली आहे. अशा वेळीं बिब्ब्याची आठवण करावी. बिब्बाहि झाडालाच लागतो, त्याचा रस धोबी कपड्यांवर खुणा करण्यास वापरीत, आणि तोच रस कातडीला लागला तर फोड उठतात.

प्रमाण

दहा माणसांच्या घरांत नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज अशीं चार स्नानें धरलीं, व माणशीं प्रत्येक स्नानाला १५ ग्रॅम म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडें अधिक उटणें लागतें असें मानलें, तर ६०० ग्रॅम उटणें पुरतें. त्याचें प्रमाण असें :

मसुरीची डाळ – २५० ग्रॅम
मुगाची डाळ – १०० ग्रॅम
मुलतानी माती – ५० ग्रॅम
संत्र्याची वाळलेली साल – ५० ग्रॅम
नागरमोथा – ३० ग्रॅम
वाळा – ३० ग्रॅम
कचोरा – ३० ग्रॅम
आंबेहळद – २५ ग्रॅम
गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या – २५ ग्रॅम
चंदन – १० ग्रॅम

हीं वजनें तयार चूर्णाचीं आहेत. वाळा व नागरमोथा यांचा चोथा बराच निघतो, म्हणून ते दुपटीनें आणावे. ज्यांची कातडी मूळचीच कोरडी आहे त्यांनीं मुलतानी माती वगळून तितकीच मुगाची डाळ वाढवावी. चंदन सहाणेवर उगाळून घालावयाचें असल्यास तें चूर्णांत धरूं नये.

कृति

संत्र्याच्या सालींची तजवीज आधींपासून करावी. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाजारांत असतो. त्या वेळच्या सालींचा आंतला पांढरा भाग चमच्यानें खरडून टाकावा, साली सावलींत वाळवाव्या आणि शेवटीं एक दिवस ऊन देऊन घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून ठेवाव्या. पावसाळ्यांत एकदां डबा उघडून पाहावा. साल वांकली तर पुन्हां वाळवावी, मोडली तर ठीक आहे.

डाळी ओल्या फडक्यानें पुसून दोन दिवस उन्हांत घालाव्या. गुलाबपाकळ्या मात्र सावलींतच वाळवाव्या, नाहींतर रंग आणि वास दोन्ही जातात. वाळा कात्रीनें अर्ध्या बोटाएवढे तुकडे करून वाळवावा. लांब मुळ्या यंत्राच्या पात्याला गुंडाळतात. नागरमोथा, कचोरा व आंबेहळद आधीं खलबत्त्यांत ठेंचून घ्यावीं, मग मिक्सरमध्यें घालावीं. मिक्सर एका दमानें फिरवीत बसूं नये. भांडें तापलें कीं सुगंधी तेलें उडून जातात. म्हणून थोडें फिरवावें, थांबावें, पुन्हां फिरवावें. कुटतांना नाकातोंडाला फडकें बांधावें आणि लहान मुलांना दूर ठेवावें, कारण ही धूळ छातींत जाणें चांगलें नाहीं.

पीठ प्रथम मैद्याच्या चाळणीनें चाळावें, आणि मग मलमलीच्या फडक्यांतून वस्त्रगाळ करावें. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून अनेकजणी गाळतात. परंतु उटण्याचें बरेंवाईट हिच्यावरच ठरतें. वाळ्याच्या तंतूचा किंवा नागरमोथ्याच्या कठीण कणाचा एक बारीक तुकडा पिठांत राहिला, तर तो कातडीवर ओरखडा काढतो. दोन बोटांत धरून चोळलें असतां टाल्कम पावडरीसारखें मऊ लागलें पाहिजे. उरलेला चोथा टाकूं नये. फडक्यांत बांधून स्नानाच्या ऊन पाण्यांत पुरचुंडी सोडावी, बादलीभर पाणी सुवासिक होतें.

सर्व चूर्णें एकत्र कालवून कांचेच्या कोरड्या बरणींत भरावीं. बरणीवर नांव आणि तारीख लिहावी. कोरडें उटणें तीन-चार महिने चांगलें राहतें; त्यांत पोरकिडे दिसले किंवा कुबट वास आला तर तें झाडांच्या मुळाशीं घालावें, अंगाला लावूं नये. दुधांत किंवा पाण्यांत भिजविलेलें उटणें मात्र त्याच दिवशीं संपवावें.

लावण्याची रीत

आधीं तिळाचें तेल कोमट करून अंगाला जिरवावें व पंधरा-वीस मिनिटें थांबावें. नंतर उटणें दुधांत किंवा पाण्यांत धिरड्याच्या पिठाएवढें सैल भिजवून हलक्या हातानें लावावें. तें वाळून तडकेपर्यंत वाट पाहूं नये. ओलें असतांनाच तांब्या-दोन तांब्ये ऊन पाणी घेऊन धुवून टाकावें. डोळे, ओठ, जखमा, पुरळ व नुकते दाढी केलेले गाल सोडून द्यावे. पहिल्यांदाच वापरणाऱ्यानें दोन दिवस आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस थोडेंसें लावून पाहावें. खाज किंवा लाली आली तर उटण्याचा आग्रह धरूं नये.

आणखी एक साधी पण मोलाची सूचना. तेल आणि पीठ मिळून न्हाणीघराची फरशी अतिशय निसरडी होते. घरांत वृद्ध माणसें असल्यास त्यांना पाटावर किंवा खुर्चीवर बसवून स्नान घालावें, आणि प्रत्येक स्नानानंतर फरशी ऊन पाण्यानें धुवून घ्यावी. सणाच्या पहांटेचें हाड मोडणें वर्षभर पुरतें.

तान्हीं बाळें

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालतांना डाळीचें पीठ, साय आणि हळद यांनीं अंग चोळण्याची पद्धति फार जुनी आहे. अंगावरची लव जावी, हा त्यामागचा उद्देश. ही लव कांहीं आठवड्यांत, फार तर कांहीं महिन्यांत, आपोआपच झडते. तिला घांसून काढण्याची गरज नसते. बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या कातडीहून पातळ असते, आणि पिठाच्या चोळण्यानें तिला बारीक ओरखडे पडतात.

ह्या बाबतींत अलीकडच्या काळांत एक नवी गोष्ट लक्षांत आली आहे. खाद्यपदार्थांतलीं प्रथिनें तोंडावाटे पोटांत गेलीं तर शरीर त्यांना ओळखीचीं मानतें, पण तींच खरचटलेल्या कातडीवाटे आंत शिरलीं तर शरीर त्यांच्याविरुद्ध उठूं शकतें, व पुढें तो पदार्थ खाणेंच त्रासाचें होतें. जपानांत गव्हाच्या प्रथिनांचा अंश घातलेला एक तोंड धुण्याचा साबण लोकप्रिय झाला होता. २०१० च्या सुमारास असें आढळलें कीं तो वापरणाऱ्यांपैकीं दोन हजारांहून अधिक लोकांना गहूं खाल्ल्यावर त्रास होऊं लागला आहे. तो साबण बाजारांतून परत घ्यावा लागला. गव्हाचें तें प्रथिन विशेष प्रक्रिया केलेलें होतें, हें खरें. तरी ज्या बाळाला इसब किंवा पुरळ आहे त्याच्या अंगाला कोणत्याहि डाळीचें पीठ न लावणें हेंच शहाणपणाचें.

घरोघरीं ह्या प्रश्नावरून आजी आणि बाळाची आई यांच्यांत कुरबूर होते. एक म्हणते, आमचीं पांच मुलें ह्याच पिठावर वाढलीं. दुसरी म्हणते, डॉक्टर नको म्हणाले. दोघींनाहि बाळाचेंच हित हवें असतें. तेव्हां त्यांतून वाट अशी काढावी कीं तेलाचें मर्दन आजींनीं आपल्या हातानें, मांडीवर घेऊन, जसें आजवर केलें तसेंच करावें. त्यांत बाळाला ऊब मिळते, मायेचा हात मिळतो आणि कातडीलाहि मऊपणा येतो. पीठ मात्र पहिलें वर्षभर बाजूला ठेवावें. दिवाळीच्या पहिल्या स्नानाला शकुनापुरतें बोटभर उटणें तळपायाला लावावें, आणि ओंवाळावें. रीत राहते, कातडीहि राहते.

गोरेपणाचा भ्रम

आतां सर्वांत नाजुक गोष्टीकडे येऊं. उटण्याच्या जवळजवळ प्रत्येक पुडीवर, आणि घरांतल्या जवळजवळ प्रत्येक वडीलधाऱ्या तोंडीं, एक वचन असतें : उटण्यानें रंग उजळतो. हें वचन ऐकून घरांतली सांवळी मुलगी दररोज अर्धा तास पीठ घांसते. तिच्या गोऱ्या बहिणीला तें कोणी सांगत नाहीं. लग्न ठरण्याच्या वयाला आली कीं घांसण्याचा जोर वाढतो, आणि त्याबरोबर तिच्या मनांत एक गोष्ट पक्की होते : आपल्यांत कांहीं तरी धुवून काढण्यासारखें आहे.

शास्त्र काय सांगतें तें स्पष्ट मांडतों. कातडीचा रंग मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्यामुळें येतो. तें बनविणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशीं असतात, आणि त्यांची संख्या गोऱ्या व सांवळ्या माणसांत सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणांत व जातींत. हें प्रमाण बव्हंशीं आईबापांकडून येतें. उटणें पोंचतें तें सर्वांत वरच्या मृत थरापर्यंत. तो थर निघाला कीं त्वचा नितळ व तकतकीत दिसते, ह्यांत शंका नाहीं. परंतु तळचा रंग जसाच्या तसा राहतो. आणि तें मेलॅनिन हा कांहीं मळ नव्हे. कडक उन्हापासून कातडीचें रक्षण करण्यासाठीं निसर्गानें दिलेली ती छत्री आहे.

ह्याहून उलट गोष्ट अशी कीं जोरानें घांसण्यानें आपल्यासारखी सांवळी कातडी अधिक काळी पडते. पाठ, मानेखालचीं हाडें, दंड ह्या ठिकाणीं काथ्यानें, खरखरीत पंचानें किंवा पिठानें रोज घांसणाऱ्यांच्या अंगावर काळसर पट्टे उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय ते सांगतात तो घांसणें थांबविण्याचा. म्हणजे ज्या मुलीला उजळ करण्यासाठीं एवढा अट्टाहास चालतो, तिच्याच अंगावर त्याचे डाग राहतात. मनावर राहतात ते निराळेच.

वाग्भटाचा 'प्रसाद' हा शब्द येथें उपयोगी पडतो. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, निर्मळपणा. शरदांतलें नदीचें पाणी गाळ बसल्यावर जसें होतें तसें. तें पाणी पांढरें होत नाहीं, स्वच्छ होतें. उद्वर्तनाचें फळ सांगतांना त्यानें त्वचेच्या बाबतींत हा शब्द वापरला, आणि तो पुरेसा आहे. उटणें मुलीच्या हातीं देतांना 'अंग कसें मऊ होतें पाहा, वास किती छान आहे पाहा' एवढेंच म्हणावें. मुलालाहि तेंच म्हणावें. रंगाचा शब्द त्या न्हाणीघरांत काढूंच नये.

फसफसणारा स्नानगोळा

अलीकडे मुलांना आवडणारा एक पाश्चात्य प्रकार म्हणजे पाण्यांत टाकल्याबरोबर फसफसून विरघळणारा सुगंधी गोळा. पोटासाठीं घेण्याच्या फसफसणाऱ्या वडीवरून ही कल्पना सुचून मो कॉन्स्टंटाईन ह्या इंग्रज बाईंनीं १९८९ मध्यें तो आपल्या घरच्या आवारांत तयार केला. बाजारांत ह्याची किंमत बरीच असते. परंतु त्यामागचें रसायन आपल्या स्वयंपाकघरांत ढोकळ्याच्या रूपानें पूर्वींपासूनच नांदत आहे. खाण्याचा सोडा आणि आम्ल यांना पाणी लागलें कीं कर्बवायु सुटतो. पिठांत तो अडकला कीं ढोकळा फुगतो, पाण्यांत सुटला कीं फसफसतो.

आम्ल म्हणून सायट्रिक ॲसिड घ्यावें. कार्ल शेले ह्या रसायनज्ञानें तें १७८४ मध्यें लिंबाच्या रसापासून स्फटिकरूपानें वेगळें काढलें. आज तें साखरेवर एक बुरशी वाढवून तयार होतें. हिशेबानें ४ भाग सोड्यास ३ भाग ॲसिड घेतलें म्हणजे दोन्ही एकमेकांना संपवितात. म्हणून खाण्याचा सोडा १२० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड ९० ग्रॅम, तांदळाची पिठी ६० ग्रॅम, खोबरेल दोन चमचे आणि वाळ्याचें किंवा गुलाबाचें वस्त्रगाळ चूर्ण एक चमचा घ्यावें. कोरडीं द्रव्यें कालवून तेल चोळावें, आणि वर पाण्याचा अगदीं बारीक फवारा, एकूण पाव चमच्याहून अधिक नाहीं, भराभर मिसळावा. मूठ दाबली असतां मुटका राहिला कीं मोदकाच्या सांच्यांत घट्ट दाबून काढावें व दिवसभर वाळूं द्यावें. सात गोळे होतात. एका गोळ्यांतून सुमारें पांच लिटर वायु निघतो. हवेशीर जागीं त्याचा उपद्रव नाहीं.

पाणी जपून घालण्याचें कारण असें कीं ह्या क्रियेंत स्वतःच पाणी निर्माण होतें. एकदां ओल लागली कीं क्रिया स्वतःला पुढें नेत जाते, आणि गोळा फुगून भुसभुशीत होतो. म्हणून कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने हा उद्योग करूं नये. ओलसर गोळे घट्ट बुचाच्या बाटलींत कोंडूं नयेत; वायूच्या दाबानें बाटली फुटूं शकते. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्याऐवजीं कदापि घेऊं नये. तो फार तीव्र असून कातडी भाजतो.

आपल्याकडे घरोघरीं टब नाहीं, आणि एका स्नानासाठीं टबभर पाणी खर्चणें परवडण्यासारखेंहि नाहीं. तेव्हां हा गोळा पसरट घमेल्यांत, कोमट पाण्यांत सोडून पाय शेकण्यास वापरावा. दिवसभर फराळाच्या कढईपुढें उभ्या राहिलेल्या पायांना दहा मिनिटें त्यांत विसांवा मिळतो. मधुमेही माणसांनीं, विशेषतः पायांना जखम किंवा बधिरपणा असल्यास, त्या वाटेला जाऊं नये. पाय काढल्यावर फडक्यानें नीट पुसावे, कारण खोबरेलानें तळवे निसटतात.

शेवटीं

ह्या सगळ्याला वेळ कोठून आणावा, असें कित्येक भगिनी विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. उटणें घरचें असावें म्हणजे तें घरांतल्या एकट्या बाईनें करावें, असा नियम कोठेंहि नाहीं. वाळा कापणें आणि साली खरडणें मुलांना जमतें. खलबत्ता पुरुषांच्या दंडाला शोभतो. वस्त्रगाळ दोघांनीं चारी टोकें धरून केलें तर अर्ध्या तासांत होतें. वीस दिवसांतली एक रविवारची दुपार पुरते. आणि तीहि मिळाली नाहीं, तर ओळखीच्या बचत गटाकडून घ्यावें. मात्र आंत काय घातलें आहे व केव्हां केलें आहे, तें पुडीवर लिहिलेलें वाचून घ्यावें.

एक काम मात्र ह्याच आठवड्यांत करावें. घरांत अजून कोणी आजी, मावशी किंवा काकू असतील ज्यांच्या हाताला जुनें माप ठाऊक आहे, त्यांच्याशेजारीं तराजू घेऊन बसावें. त्यांनीं मूठ भरावी, आपण वजन करावें, आणि आंकडा वहींत लिहावा. जें घालूं नये असें आज कळलें आहे तें त्यांच्याशीं बोलून गाळावें, आणि कां गाळलें तेंहि त्याच पानावर लिहावें. वासाचा शेवटचा निवाडा त्यांच्याकडेच ठेवावा. पुढल्या पिढीच्या हातीं पुडीऐवजीं एक वही जाईल, आणि तिच्यांत मापाबरोबर त्या हाताचें नांवहि राहील.